टॉवरमध्ये खुर्च्या किती, माणसे किती?

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास वॉशिंग्टनच्या रोनाल्ड रेगन विमानतळाच्या तोंडाशी, पोटोमॅक नदीवर, विचिटाहून आलेले पीएसए एअरलाइन्सचे सीआरजे-७०० विमान आणि अमेरिकी लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर यांची टक्कर झाली. विमानातले ६४ आणि हेलिकॉप्टरमधले ३, असे ६७ जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेतल्या वाहतूक अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या मंडळाने जानेवारी २०२६ मध्ये आपले निष्कर्ष मांडले, आणि हवाई वाहतूक नियंत्रकांच्या टंचाईविषयी वाचकांची पत्रे पुन्हा येऊ लागली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : त्या रात्री दोघांचे काम एकच जण करत होता असे वाचले. एवढ्या मोठ्या विमानतळाच्या टॉवरमध्ये एकच नियंत्रक असतो का?

नाही. त्या रात्रीही टॉवरमध्ये पर्यवेक्षकासह इतर नियंत्रक होते. घोळ होतो तो 'माणूस' आणि 'जागा' यांत. टॉवरमधले काम जागांमध्ये वाटलेले असते. एक जण विमानांना मार्गाची परवानगी वाचून दाखवतो. दुसरा, म्हणजे ग्राउंड कंट्रोल, धावपट्टीपर्यंतची जमिनीवरची हालचाल पाहतो. तिसरा, लोकल कंट्रोल, उड्डाणाची आणि उतरण्याची परवानगी देतो. रेगन विमानतळावर नदीकाठाने हेलिकॉप्टरांची सतत ये-जा असल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळी जागा आहे. शिवाय मदतनीस आणि पर्यवेक्षक.

रहदारी कमी झाली की दोन जागा एकत्र करतात आणि एक माणूस मोकळा होतो. ही जगभरची रोजची पद्धत आहे, तिच्यात बेकायदा काही नाही. रेगनवर हेलिकॉप्टरची आणि लोकलची जागा एरवी रात्री साडेनऊच्या सुमारास एकत्र होत असे. त्या दिवशी ती दुपारीच एकत्र केली गेली आणि टक्कर होईपर्यंत तशीच राहिली.

जागा एकत्र केल्या की नक्की काय बिघडते, हे बातम्यांमध्ये फारसे आले नाही. विमाने आणि हेलिकॉप्टरे वेगवेगळ्या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर असतात. एकत्र केलेल्या जागेवरचा नियंत्रक दोन्हींवर एकदम बोलतो, त्यामुळे त्याचे बोलणे सगळ्यांना ऐकू जाते. पण हेलिकॉप्टरच्या वैमानिकाने दिलेले उत्तर विमानातल्यांना ऐकू येत नाही, आणि उलटही नाही. 'इथे आपल्या समोरून कोणीतरी येतेय' हे वैमानिकाला बहुतेक वेळा इतरांचे संभाषण कानावर पडूनच कळते. ती वाट इथे बंद होती.

दुसरे, एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी बटण दाबले की आवाज एकमेकांवर चढतात आणि शब्द गळतात. नियंत्रकाने हेलिकॉप्टरला सांगितले होते की एक सीआरजे १,२०० फुटांवर असून वळसा घेऊन धावपट्टी ३३ कडे येत आहे. त्यातला 'वळसा घेऊन' हा भाग हेलिकॉप्टरमधल्या ध्वनिमुद्रणात ऐकू येत नाही. टक्करीच्या १७ सेकंद आधी त्याने 'सीआरजेच्या मागून जा' असे सांगितले, पण नेमक्या त्याच क्षणी हेलिकॉप्टरमधले बटण ०.८ सेकंद दाबले गेले होते आणि 'मागून जा' हेच शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत.

मग जागा पुन्हा वेगळ्या का केल्या नाहीत? जागा फोडायची म्हणजे नुसती दुसरी खुर्ची ओढून बसता येत नाही. येणाऱ्याला वारा, चालू धावपट्ट्या, बंद पडलेली उपकरणे, कोणते विमान कुठे आहे, कोणाला काय सांगून झाले आहे, हे सगळे यादीप्रमाणे सांगावे लागते. त्यात दोन-तीन मिनिटे जातात, आणि नव्याने बसलेल्याच्या डोक्यात चित्र पक्के होईपर्यंतची पहिली काही मिनिटे नाजूक असतात. रहदारी अंगावर आल्यावर ती मिनिटे मिळत नाहीत. म्हणून फोडायचा निर्णय गर्दी होण्याआधी घ्यायचा असतो, आणि तो ज्याचे डोके कामात अडकलेले नाही त्याने, म्हणजे पर्यवेक्षकाने. काम करणारा नियंत्रक स्वतःहून 'मला झेपत नाही' म्हणेल या भरवशावर राहू नये. या व्यवसायात ते वाक्य कोणाच्या तोंडून सहजी निघत नाही. एनटीएसबीने अपघाताच्या कारणांत एकत्र केलेल्या जागेचा ताण धरला आहेच, पण त्याबरोबर त्या क्षणी वाढत असलेली जोखीम मोजण्याची कोणतीही ठरलेली रीत टॉवरकडे नव्हती, हेही धरले आहे. आमच्या मते दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे.

प्रश्न : म्हणजे आणखी एक माणूस बसवला असता तर ६७ जीव वाचले असते?

कदाचित त्या रात्री वाचले असते. पण तेवढ्यावर समाधान मानणे चुकीचे ठरेल.

आकाशातली आखणी पाहा. हेलिकॉप्टरांसाठी 'मार्ग ४' नावाची वाट नदीच्या पूर्व काठाने जात होती आणि तिथे उंचीची मर्यादा २०० फूट होती. विमान आधी मुख्य धावपट्टी १ कडे येत होते. टॉवरने विचारल्यावर त्याने आखूड धावपट्टी ३३ घेतली. त्यासाठी विमान पूर्वेला सरकते आणि मग डावीकडे वळून नदी ओलांडत उतरते. एनटीएसबीने हिशेब मांडला तेव्हा दिसले की हेलिकॉप्टर पूर्व काठावर बरोबर २०० फुटांवर असले, म्हणजे एकही नियम मोडलेला नसला, तरी धावपट्टी ३३ वर उतरणाऱ्या विमानात आणि त्याच्यात सुमारे ७५ फुटांचेच अंतर उरू शकते.

आता उंचीमापकाकडे वळू. ब्लॅक हॉकचे दाबावर चालणारे उंचीमापक त्याच तुकडीतल्या तीन हेलिकॉप्टरांवर तपासले, तेव्हा ते खऱ्या उंचीपेक्षा ८० ते १३० फूट कमी दाखवत असल्याचे आढळले. उपकरणात चालवून घेतली जाणारी थोडी चूक, दाब मोजणाऱ्या छिद्रांच्या जागेमुळे येणारी चूक, रोटरचा वारा, असे थोडे थोडे साठत जाते. हजार फुटांच्या अंतरावर शंभर फुटांची चूक कोणी मनावर घेत नाही. ७५ फुटांच्या अंतरात ती चूक अंतरापेक्षा मोठी होते. टक्कर झाली तेव्हा हेलिकॉप्टर जवळपास २८० फुटांवर होते.

आणि हे कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात रेगनजवळ प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर आडव्या दिशेने एका नॉटिकल मैलापेक्षा आणि उभ्या दिशेने ४०० फुटांपेक्षा जवळ आल्याचे १५,२१४ प्रसंग नोंदींमध्ये सापडले. त्यांतल्या ८५ प्रसंगी अंतर १,५०० फूट आणि २०० फूट यांच्याही आत होते. नोंदी सरकारी यंत्रणेकडेच पडून होत्या. म्हणूनच एनटीएसबीने मुख्य बोट नियंत्रकाकडे न दाखवता ही वाट तिथे ठेवणाऱ्या आणि तिचा आढावा न घेणाऱ्या एफएए या नियामक संस्थेकडे दाखवले. ती वाट मार्च २०२५ मध्ये बंद झाली, आणि त्यासाठी एकही नवा माणूस भरती करावा लागला नाही.

प्रश्न : वैमानिकांना डोळे असतात, विमानात टक्कर टाळणारे यंत्रही असते. तरी असे होते कसे?

यंत्राचे आधी. टीकास नावाची ही प्रणाली शेजारच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे त्याची ओळख आणि उंची कळवणाऱ्या रेडिओ उपकरणाला, प्रश्न विचारते, अंतर आणि उंची काढते आणि टक्करीपर्यंत किती सेकंद उरले याचा हिशेब करते. आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' असा इशारा येतो आणि मग, १५ ते ३५ सेकंद उरले असताना, 'वर जा' किंवा 'खाली जा' असा थेट आदेश. पण जमिनीपासून सुमारे १,००० फुटांखाली हे आदेश मुद्दाम बंद ठेवलेले असतात. उतरताना ऐनवेळी खाली जाण्याचा आदेश जीवघेणा ठरेल, आणि विमानतळाच्या आसपास खोटे इशारे सतत वाजत राहतील. त्यामुळे वॉशिंग्टनच्या विमानाला टक्करीच्या सुमारे २० सेकंद आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' एवढेच ऐकू आले. काय करायचे ते यंत्राने सांगितले नाही. आपली जागा दर सेकंदाला प्रक्षेपित करणारी एडीएस-बी आउट ही सोय हेलिकॉप्टरवर त्या वेळी चालू नव्हती. इतरांचे प्रक्षेपण पकडून पडद्यावर दाखवणारी एडीएस-बी इन ही सोय विमानात नव्हती. ती असती तर जवळपास मिनिटभर आधी इशारा मिळाला असता, असे तपासकांचे म्हणणे आहे. मिनिट म्हणजे या व्यवहारात खूप झाले.

आता डोळे. एफएएच्याच मार्गदर्शक पत्रकात हा हिशेब आहे : वस्तू नजरेला पडायला ०.१ सेकंद, ते विमान आहे हे ओळखायला १, ते आपल्यावर येते आहे हे कळायला ५, काय करायचे ते ठरवायला ४, हात हलायला ०.४ आणि विमानाने प्रतिसाद द्यायला २ सेकंद. बेरीज साडेबारा सेकंद. दोन जेट विमाने प्रत्येकी ४५० नॉटच्या (तासाला ४५० नॉटिकल मैल) वेगाने समोरासमोर आली तर त्यांच्यातले अंतर मिनिटाला १५ नॉटिकल मैलांनी घटते. साडेबारा सेकंदांत तीन मैलांहून जास्त. तीन मैलांवरून समोरून येणारे विमान हा काचेवरचा एक ठिपका असतो. आणि गंमत अशी, की जे विमान खरोखर आपल्यावर आदळणार असते ते काचेवर जागचे हलत नाही. डोळा हालचाल टिपतो, स्थिर ठिपक्याकडे दुर्लक्ष करतो. सरकणारे दिवे लक्ष वेधून घेतात, पण त्यांच्यापासून सहसा धोका नसतो.

वॉशिंग्टनला यात शहराच्या दिव्यांची भर पडली. समोर एकामागून एक उतरणाऱ्या विमानांच्या दिव्यांची रांग, मागे शहर. हेलिकॉप्टरने 'विमान दिसले' असे सांगून नजरेने अंतर राखण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. नेमके कोणते विमान दिसले, हे टॉवरला कळायला मार्ग नसतो. म्हणून सूचना देताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे दिशा, अंतर, उंची, विमानाचा प्रकार आणि त्याचा पुढचा रोख हे पाचही सांगायचे असते, आणि दोघांचे मार्ग एकमेकांना छेदत असतील तर दुसऱ्यालाही सांगायचे असते. सीआरजेच्या वैमानिकांना हेलिकॉप्टरबद्दल कोणी सांगितलेच नव्हते.

प्रश्न : रात्री रहदारी नसताना एकच नियंत्रक ठेवला तर काय बिघडते?

याचे उत्तर १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर मिळाले. तिथले आकाश झुरिकमधून स्कायगाइड ही स्विस कंपनी सांभाळत होती. पाळीत दोन नियंत्रक होते, पण रहदारी ओसरल्यावर एकाने विश्रांतीला जायचे अशी रीत पडली होती आणि वरिष्ठांना ती माहीत होती. उरलेला एक जण दोन पडदे आणि दोन फ्रिक्वेन्सी सांभाळत होता. एका पडद्यावर उशिरा आलेले, फ्रीडरिक्सहाफेनला उतरणारे एअरबस. दुसऱ्यावर बश्किरियन एअरलाइन्सचे टुपोलेव्ह-१५४ आणि डीएचएलचे बोइंग ७५७, दोन्ही ३६,००० फुटांवर, एकमेकांना छेदणाऱ्या मार्गांवर.

त्याच रात्री देखभालीचे काम निघाले होते. टक्करीचा धोका पडद्यावर दाखवणारी सोय बंद होती. मुख्य टेलिफोन बंद होता, आणि पर्यायी लाइनमध्ये बिघाड निघाला. फ्रीडरिक्सहाफेनला फोन लावण्यात नियंत्रकाची मोलाची मिनिटे गेली. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्राच्या पडद्यावर धोका दिसत होता. ते झुरिकला फोन लावत राहिले, पण लागला नाही. नियंत्रकाने टुपोलेव्हला खाली यायला सांगितले तेव्हा टक्करीला पाऊण मिनिटही उरले नव्हते. लगेच टीकासने टुपोलेव्हला 'वर जा' आणि बोइंगला 'खाली जा' असे सांगितले. टुपोलेव्हने माणसाचे ऐकले, बोइंगने यंत्राचे. दोन्ही खाली आली आणि ७१ जण ठार झाले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम निःसंदिग्ध झाला : टीकासचा आदेश आणि नियंत्रकाची सूचना यांत विरोध असेल तर टीकासचेच ऐकायचे. समोरचे विमान उलट वागत असेल तर आदेश फिरवणारी सुधारणाही प्रणालीच्या ७.१ या आवृत्तीत आली. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने स्कायगाइडच्या चार कर्मचाऱ्यांना दोषी ठरवले.

तेव्हा एकट्याने रहदारी सांभाळणे अशक्य असते असे नाही. एकट्या माणसामागे दुसरे काही उभे नसते, एवढाच फरक. पडदा, फोन, दुसरी नजर यांपैकी कोणती एक गोष्ट गेली की काम थांबवायचे, हे आधी लिहून ठेवलेले हवे. फोनवरून आठवले : मे २०२५ मध्ये रेगनवर उतरणाऱ्या दोन विमानांना पेंटागॉनकडे निघालेल्या लष्करी हेलिकॉप्टरमुळे पुन्हा वर जावे लागले, आणि पेंटागॉन व टॉवर यांच्यातली थेट फोनलाइन मार्च २०२२ पासून बंद असल्याचे तेव्हा उघड झाले.

प्रश्न : एवढी टंचाई आहे तर सरकार भराभर भरती का करत नाही?

आधी एका चोवीस तास चालणाऱ्या जागेला माणसे किती लागतात ते पाहा. आठवड्याचे तास १६८. माणशी ४० तास धरले तर ४.२ माणसे. पण आठ तासांच्या पाळीत माणूस प्रत्यक्ष हेडसेट लावून सहा तासच बसू शकतो, आकडा ५.६ वर जातो. रजा, आजारपण, दरवर्षीचे प्रशिक्षण धरून माणूस सात आठवड्यांतला एक नसतो असे मानले, तर साडेसहा. एका खुर्चीला साडेसहा माणसे. हाच हिशेब आठवड्याला सहा दिवस आणि रोज दहा तास धरून केला तर, रजा कोणालाच न देता, चार माणसांत भागते. अमेरिकेतल्या कित्येक केंद्रांवर हा दुसरा हिशेब वर्षानुवर्षे चालला आहे. कागदावर खुर्ची भरलेली दिसते.

भरतीत अडचण उमेदवारांची नाही. अर्ज उदंड येतात. वयाची अट कडक आहे : अर्ज ३१ व्या वाढदिवसाआधी करावा लागतो आणि ५६ व्या वर्षी खुर्ची सोडावी लागते. ओक्लाहोमा सिटीतल्या एफएएच्या अकादमीत काही महिने शिक्षण होते आणि तिथेच बरेच जण गळतात. जे उरतात त्यांना केंद्रावर पाठवतात, आणि खरे शिक्षण तिथे सुरू होते. प्रत्येक जागेसाठी वेगळी परीक्षा. शिकाऊ नियंत्रक खऱ्या विमानांशी बोलतो, शेजारी प्रशिक्षक त्याच फ्रिक्वेन्सीला जोडलेला असतो आणि कोणत्याही क्षणी त्याचे बोलणे तोडून स्वतः बोलू शकतो. सगळ्या जागांवर पात्र व्हायला साधारण दोन-तीन वर्षे, मोठ्या केंद्रांवर त्याहून जास्त.

गाठ इथे आहे. हा प्रशिक्षक म्हणजे त्याच केंद्रावरचा अनुभवी नियंत्रक. केंद्रात माणसे कमी असली की त्याला खुर्चीवर बसवावे लागते, शिकाऊ ताटकळतो आणि टंचाई आणखी लांबते. २०२४ या आर्थिक वर्षात एफएएने १,८११ जण घेतले. त्यांतले जे टिकतील ते २०२६-२७ च्या सुमारास एकट्याने बसण्याजोगे होतील. तोवर जुने निवृत्त होत राहतात. म्हणून 'एकूण नियंत्रक इतके' हा आकडा पुढे केला की त्यात शिकाऊ किती, हे विचारावे.

एकाच वर्षी खूप भरती करणे हाही उपाय नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये संपावर गेलेल्या ११,००० हून अधिक नियंत्रकांना अध्यक्ष रेगन यांनी काढून टाकले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्या जागा भरल्या. ती पिढी एकदम आली, आणि पाव शतकाने एकदमच निवृत्तीला आली. वॉशिंग्टनच्या विमानतळाला नाव याच रेगन यांचे आहे.

प्रश्न : थकव्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. नियंत्रकांच्या पाळ्या कशा असतात?

अमेरिकेत 'रॅटलर' नावाची पाळी बरीच वर्षे लोकप्रिय आहे. आठवड्याची सुरुवात संध्याकाळच्या पाळीने होते, मग प्रत्येक पाळी आधीच्या दिवसापेक्षा लवकर लागते आणि शेवटची मध्यरात्रीची येते. पाच पाळ्या चार दिवसांच्या आसपास संपतात आणि लांब सुट्टी मिळते, म्हणून नियंत्रकांनाही ती आवडते. शरीराला मात्र घड्याळ पुढे ढकलणे सोपे आणि मागे ओढणे अवघड जाते. ही पाळी रोज मागेच ओढते. शेवटच्या दोन पाळ्यांमध्ये सकाळची पाळी संपवून त्याच रात्री परत यायचे असते आणि झोप दुपारच्या उजेडात घ्यावी लागते.

२७ ऑगस्ट २००६ ला अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन येथे एक विमान पहाटे चुकीच्या, आखूड धावपट्टीवरून उडायला गेले आणि ४९ जण ठार झाले. चूक वैमानिकांची होती. टॉवरमध्ये दोघांऐवजी एकच नियंत्रक होता, दोन पाळ्यांमध्ये त्याची झोप दोन तासांच्या आसपास झाली होती, आणि परवानगी दिल्यावर तो कागदपत्रांच्या कामाकडे वळला होता. दुसरा माणूस असता तर त्याने खिडकीबाहेर पाहिले असते का, हे सांगता येत नाही. पाहण्यासाठी कोणी मोकळे नव्हते एवढे खरे.

२०२४ मध्ये एफएएने दोन पाळ्यांत १० तास आणि मध्यरात्रीच्या पाळीआधी १२ तास विश्रांतीचा नियम जाहीर केला. ब्रिटनमध्ये दोन पाळ्यांत किमान १२ तास, आणि सलग दोन तास काम झाले की किमान अर्धा तास सुटी, असा नियम आहे. थकलेला नियंत्रक झोपून जातो असे क्वचित होते. तो सूचना बरोबर देतो, वैमानिक चुकीची परत वाचून दाखवतो, आणि ती चूक त्याच्या कानावरून निसटते. थकवा असा दिसतो.

प्रश्न : माणसे कमी असताना विमाने उडवणे हाच गुन्हा नाही का?

माणसे कमी असतील तितकी विमाने कमी उडवायची, हा नियम आहे. दोन विमानांतले अंतर वाढवतात किंवा सुटण्याच्या ठिकाणीच विमान थांबवून ठेवतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज ठप्प असताना नियंत्रक बिनपगारी काम करत होते आणि गैरहजेरी वाढत होती. तेव्हा एफएएने ४० विमानतळांवरची उड्डाणे आधी ४ आणि मग ६ टक्क्यांनी कमी करायला लावली. त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळाची रहदारी पाहणाऱ्या केंद्राचे रडार आणि रेडिओ मिनिटभर बंद पडल्यावर तिथे तासाला किती उड्डाणे करायची याला मर्यादा घातली गेली. प्रवासी चिडले. पण टंचाई असूनही वेळापत्रक वक्तशीर चालले आहे, असे दिसले तर काळजी करावी.

प्रश्न : चरखी दादरीची टक्करही नियंत्रकांच्या कमतरतेमुळे झाली होती का?

नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला दिल्लीहून निघालेले सौदिया या सौदी अरेबियाच्या विमान कंपनीचे बोइंग ७४७ आणि दिल्लीला येणारे कझाकस्तानचे इल्यूशिन-७६ हरियाणातल्या चरखी दादरीवर आदळले. ३४९ मृत्यू, हवेतल्या टक्करींत इतके बळी दुसऱ्या कोणत्याही अपघाताने घेतलेले नाहीत. सौदियाला १४,००० फुटांची परवानगी होती, कझाक विमानाला १५,००० ची. समोरून ७४७ येत आहे, हे नियंत्रकाने कझाक विमानाला सांगितलेही होते. तरी ते १५,००० च्या खाली उतरले. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने दोष त्या चालकदलावर ठेवला. तिथे रेडिओवर बोलणारा वेगळा माणूस होता आणि विमान चालवणारे वेगळे.

पण आखणीचे काय? येणारी आणि जाणारी विमाने एकाच हवाई वाटेने जात होती. दिल्लीत तेव्हा फक्त प्राथमिक रडार होते. ते ठिपका कुठे आहे ते दाखवते, किती उंचीवर आहे ते नाही. हजार फूट कसे भरभर संपत होते, ते नियंत्रकाला दिसतच नव्हते. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या वाटा वेगळ्या केल्या, उंची दाखवणारे दुय्यम रडार आले आणि भारताने टीकास सक्तीचे केले.

प्रश्न : हे काम संगणकावर का सोपवत नाहीत?

दोन विमाने जवळ येत आहेत, हे संगणक आजही सांगतो. वॉशिंग्टनच्या टॉवरमध्येही टक्करीआधी तो इशारा वाजत होता. पण जिथे विमाने आणि हेलिकॉप्टरे रोजच जवळून जातात तिथे तो दिवसभर वाजतो आणि बहुतेक वेळा खोटा निघतो. मग कान त्याला सरावतो. आखणी सुधारल्याशिवाय इशाऱ्यांची संख्या वाढवून फायदा होत नाही. उंचावरच्या मार्गांवर, जिथे सगळे सरळ रेषेत जाते, तिथे संगणकाचे साह्य खूप आहे. धावपट्टीजवळ वारा फिरतो, कोणी उतरता उतरता पुन्हा वर जाते, कोणी चुकीच्या वळणावर शिरते. तिथे माणूसच लागतो.

प्रश्न : टॉवरशी रेडिओ संपर्कच तुटला तर वैमानिक काय करतो?

ट्रान्सपॉन्डरवर ७६०० हा अंक लावतो. रडारवर तो दिसताच या विमानाचा रेडिओ गेला हे कळते आणि त्याच्या वाटेतली विमाने बाजूला काढतात. विमान आधी मिळालेल्या परवानगीप्रमाणे आणि ठरलेल्या नियमाप्रमाणे पुढे जाते. विमानतळाजवळ आल्यावर टॉवरमधून दिव्याच्या झोताने खुणा करतात. हवेतल्या विमानासाठी स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट द्या आणि फेऱ्या मारत राहा, लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित आहे, उतरू नका. खूण समजल्याचे वैमानिक दिवसा पंख हलवून आणि रात्री उतरण्याचे दिवे दोनदा उघडझाप करून कळवतो. हा दिवा अजूनही बहुतेक टॉवरमध्ये छताला टांगलेला असतो, आणि तो दाखवायलाही एक मोकळा माणूस लागतो.